दुसरा केसपेपर

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘स्मृतिभ्रंश : कारणे आणि उपाय’. पत्रिका छापायला जायच्या आधी मी फोन करून तो बदलून घेतला. या विषयावर बोलायला उभं राहिलं की पुढचा तास कसा जाणार हे आता मला पाठ झालंय. बदाम किती खायचे, रात्री भिजवायचे का, शब्दकोडं चांगलं की सुडोकू, ब्राह्मीच्या गोळ्यांचा खरंच उपयोग होतो का. विचारणाऱ्यांना मी हसत नाही. साठीनंतर चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही की पोटात गोळा येतोच. म्हणून त्याबद्दल एकदाच सांगून टाकते. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली १४ गोष्टींची यादी दिली आहे. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटं पडणं वगैरे. या सगळ्या सांभाळल्या तर जगातली स्मृतिभ्रंशाची जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा पुढे ढकलली जातील, असा त्यांचा अंदाज आहे. बदाम त्या यादीत नाहीत. कमी ऐकू येणं मात्र आहे. तेव्हा ज्यांचं कानाचं यंत्र कपाटात डबीत आहे त्यांनी ते उद्यापासून कानात घालावं. झालं.

आज मला बोलायचंय ते पेशंटबरोबर येऊन बाजूच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाबद्दल.

मी फॅमिली डॉक्टर आहे, मेंदूची तज्ज्ञ नव्हे. घरोघर जाणं हा माझ्या कामाचा भाग आहे, त्यामुळे तज्ज्ञांना दिसत नाहीत ती स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं मला दिसतात. एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरं मिसळून सांगते आहे. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. सून अठ्ठावन्नची, शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. दर महिन्याला या वहिनी सासूबाईंची फाईल घेऊन येतात. फाईल बघत राहावी अशी. पहिल्या पानावर औषधांची यादी, मग तारीखवार रक्ताचे रिपोर्ट, एमआरआय वेगळ्या पाकिटात. आईंची झोप, आईंचं खाणं, आईंचं पोट साफ होणं, असं सगळं पंधरा मिनिटं सांगतात आणि त्यात ‘मी’ हा शब्द एकदाही येत नाही. एकदा उठताना त्यांनी टेबलाला हात टेकला. म्हटलं, बसा जरा, आणि रक्तदाबाचा पट्टा त्यांच्याच दंडाला बांधला. १७८ वर १०४. गोळी चालू आहे का? आहे. शेवटची कधी घेतली? आठवेना. सासूबाईंची एकही गोळी चुकलेली नव्हती. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आलेला, ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं. ऑपरेशन झालं की काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. मग आईंना आंघोळ कोण घालणार?

त्याच दिवशी मी नवा केसपेपर काढला आणि वर वहिनींचं नाव घातलं. तेव्हापासून स्मृतिभ्रंशाचं निदान झालेला पेशंट आला की आमच्याकडे दोन केसपेपर निघतात. ‘पण मला काही होत नाहीये’ असं दुसऱ्या केसपेपरचे बहुतेक मालक म्हणतात. ते वाक्यही मी त्यावर लिहून ठेवते.

पहिल्या केसपेपरचे आकडे मिळतात. साठीच्या पुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने सांगितलं. दुसऱ्या केसपेपरचा आकडा बातमीत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा एक हिशोब आहे. घरची माणसं या कामात दिवसाला सरासरी पाच तास घालवतात, आणि जगभरातल्या अशा तासांपैकी ७० टक्के तास बायकांचे असतात. घरी पेशंटचं करणाऱ्यांच्या आमच्या गटात मी हा आकडा वाचून दाखवला तेव्हा बायकोचं सगळं स्वतः करणारे एक काका म्हणाले, “म्हणजे उरलेले एकोणीस तास त्यांच्या बायकोकडे कोण बघतं?”

या कामाने शरीराचं काय होतं? ओहायोतल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक साधा, ऐकायला जरा क्रूर वाटेल असा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाचं करणाऱ्या १३ बायका घेतल्या, आणि त्यांच्याच वयाच्या, साधारण तशाच मिळकतीच्या, पण डोक्यावर ही जबाबदारी नसलेल्या १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. पहिल्या गटाला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ‘ताण येतो हो’ असं आपण सहज म्हणतो, त्याचं हे दिवसांत मोजलेलं रूप. पुढे १९९९ साली रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी आजारी जोडीदाराचं करणाऱ्या वयस्क माणसांवर चार वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना त्याचा ताण होत होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ६३ टक्क्यांनी जास्त निघालं.

हा ६३चा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या आधी थांबा. त्याच अभ्यासात जे जोडीदाराचं करत होते पण ताण होत नाही असं म्हणत होते, त्यांच्यात तशी ठळक वाढ दिसली नव्हती. आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात घरच्यांची काळजी घेणाऱ्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी दिसला. आपल्या माणसाचं करणं हे काही विष नाही. पुष्कळांना त्यातून बळही मिळतं. मग कोणाला बळ मिळतं आणि कोण खचतं, हे कशावर ठरतं?

आपल्याला वाटेल, आजार किती वाढलाय यावर. पेशंट रात्री उठतो का, शिव्या देतो का, कपड्यांत करतो का. स्टीव्हन झारिट यांनाही हे तपासायचं होतं. घरच्यांवरचा भार मोजायची त्यांची प्रश्नावली आज जगभर वापरतात. १९८० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ घरांतल्या मुख्य करणाऱ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेशंटचं वागणं किती त्रासदायक आहे याच्याशी भाराचा संबंध लागेना. संबंध लागला तो एका साध्या गोष्टीशी : घरातली इतर माणसं पेशंटला भेटायला किती वेळा येतात. ज्या घरी येणं-जाणं जास्त, तिथे भार कमी. फक्त २९ घरं, तीही दूरच्या देशातली. पुढच्या अभ्यासांत वागण्याचा त्रासही मोजमापात उतरला, हेही खरं. तरी माझ्या दुसऱ्या केसपेपरांची चळत चाळताना मला हेच दिसतं. वहिनींची तब्येत कशी आहे हे कळायला मला रक्ताच्या रिपोर्टपेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो. गेल्या आठवड्यात घरी कोण आलं होतं?

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पाहुणे कमी का येतात? येतात. आणि आले की पेशंटची तोंडी परीक्षा घेतात. “ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?” आजी घाबरून सुनेकडे बघतात. सून मागून ओठांनी नाव सांगते. मग पाहुणे सुनेला एखाद्या चूर्णाचं नाव सांगतात, चहा पितात, “तुम्ही म्हणून करता हो, आजकाल कोण करतं?” असं म्हणतात आणि निघतात. कपबशा कोण विसळतं ते वेगळं सांगायला नको. परदेशातला मुलगा रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आई दहा मिनिटं हसून, मान डोलावून, “हो बाळा, जेवलास का” म्हणत छान बोलते, कारण आयुष्यभराची शिष्टाचाराची सवय या आजारात फार उशिरा जाते. मुलगा फोन ठेवताना वहिनीला म्हणतो, “आई तर ठीक वाटते, तुम्ही उगाच टेन्शन घेता.” त्या आठवड्यात वहिनीचा रक्तदाब हमखास चढलेला असतो. परदेशातल्या मुलांवर आपल्याकडे टीका फार होते. त्यांतली काही पैसे नियमित पाठवतात, आणि तो आधार मोठा आहे. पण अर्ध्या रात्री काय होतं यावर त्यांनी विश्वास ठेवावा, ही अपेक्षा काही मोठी नाही.

भेटायला यायचं तर कसं यायचं? वहिनींच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे. आपल्या सगळ्यांच्याच घरी असतं. दूध किती आलं, सिलिंडर कधी लावला, बाईचे खाडे कोणते, सगळं त्या चौकटींत. त्यांच्या चौकटींत आणखी खुणा होत्या. टिंब म्हणजे पोट साफ झालं, फुली म्हणजे रात्र जागून काढली. मार्चच्या पानावर नुसत्या फुल्याच. मी म्हटलं, या पानावर आता माणसांची नावं लिहायची. नणंद मंगळवारी दुपारी दोन ते पाच. नवरा रविवारी सकाळी नऊ ते बारा, आणि त्या वेळात वहिनी घरात थांबणार नाहीत, कारण घरात असल्या की हाक येतेच. पुतण्याला आजीजवळ बसणं जमत नाही, तर त्याने औषधं आणि बँक बघायची. येणाऱ्याने चहा स्वतः करायचा. नावासमोर फक्त ‘येईन कधीतरी’ असेल तर ते लिहायचंच नाही.

नणंद पहिल्या मंगळवारी आली आणि चार वाजता वहिनींना फोन, “आई मला ‘कोण तू, चोर कुठली’ म्हणतेय, लवकर या.” वहिनी म्हणाल्या, “पाचला येते.” मला विचाराल तर तो त्या घरातला सगळ्यात मोठा उपचार होता. नणंदेला तीन तासांत जे कळलं ते तीन वर्षांच्या फोनवर कळलं नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांनी पेशंटच्या नवऱ्यांसाठी आणि बायकांसाठी समुपदेशनाचा एक कार्यक्रम चालवला. त्यातल्या सहा बैठकांपैकी दोन एकट्याबरोबर आणि चार घरातल्या इतर माणसांबरोबर. अर्ध्याहून जास्त वेळ बाकीच्या नातेवाइकांना समजवण्यात. ४०६ जोडीदारांच्या त्या अभ्यासात मदत मिळालेल्या घरांतले पेशंट सरासरी ५५७ दिवस जास्त घरी राहू शकले. दीड वर्षाहून अधिक. बैठका सहा, शिवाय गट आणि लागेल तेव्हा फोन. औषधाच्या एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर तिची जाहिरात प्रत्येक बसवर दिसली असती.

‘अस्तु’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट. मोहन आगाशे त्यात चक्रपाणी शास्त्री झालेत, संस्कृतचे विद्वान, स्मृतिभ्रंश झालेले, हत्तीच्या मागे निघून जाणारे. माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाषना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाहून आलेले लोक म्हणतात, बघा, त्या अडाणी बाईने किती सहज लेकरासारखं सांभाळलं, आणि शिकलेली मुलगी वैतागली. मला हे वाचन अन्यायाचं वाटतं. चन्नम्माच्या वाट्याला शास्त्रीबुवा थोडा वेळ आले, तेही अनोळखी म्हणून. तिला त्यांचे जुने दिवस आठवायचे नव्हते, आणि पुढच्या वर्षीचा हिशोबही करायचा नव्हता. इरावती हर्षे यांनी उभी केलेली मुलगी, इरा, वर्षानुवर्षांची थकलेली आहे. ताजं माणूस नेहमीच गोड वागू शकतं. म्हणूनच घरात मधूनमधून ताजं माणूस यायला हवं.

आता एक विषय, जो आमच्या गटात सगळ्यात उशिरा निघतो. हात उगारला गेला. “डॉक्टर, मी आईला मारलं” हे वाक्य मी बायकांच्या तोंडून ऐकलंय आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्याही. चौदाव्यांदा ‘माझी पर्स कुठे’ विचारल्यावर, रात्री तीन वाजता दाराची कडी वाजवल्यावर. मी तिथे प्रवचन देत नाही. ताप आला की आपण त्याच्यावर रागावत नाही, कशामुळे आला ते शोधतो, तसंच या रागाचं करते. सलग सहा तास झोप शेवटची कधी झाली? बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. राग चढला की गॅस बंद करायचा, पेशंट सुरक्षित बसलाय एवढं बघायचं, आणि गॅलरीत जाऊन पाच मिनिटं उभं राहायचं. पाच मिनिटं उत्तर दिलं नाही तर आजींचं काही बिघडत नाही. पुन्हा हात उठेल अशी भीती वाटत असेल, किंवा स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे यायचं, नाहीतर १४४१६ला, टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीला फोन करायचा. तिथे मराठीत बोलता येतं.

उलटही घडतं. आजी शेजारणीला सांगतात, “ही मला जेवायला देत नाही. माझ्या बांगड्या हिनेच घेतल्या.” शेजारणीला ते खरं वाटतं, कारण आजी अगदी शहाण्यासारखं सांगतात. म्हणून निदान झालं की मी घरच्यांना म्हणते, जिन्यातल्या चारही घरांना आजाराचं नाव सांगून या. लपवण्यात काही राखलं जात नाही. वर आजी एकट्या खाली उतरल्या तर वॉचमन थांबवणार कशाच्या आधारावर?

आणि आंघोळ. घरातली सर्वांत मोठी लढाई, आणि करणाऱ्याची कंबर जाते ती इथेच. आपल्याकडे रोज आंघोळ झाल्याशिवाय माणूस पारोसं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला कोणीतरी आपले कपडे ओढतंय आणि डोक्यावर पाणी येतंय एवढंच कळतं, म्हणून तो ओरबाडतो. मी म्हणते, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, बाकीचे दिवस कोमट पाण्यात बुडवलेल्या टॉवेलने पुसून घ्या. स्टूल आधी ठेवा. पंखा बंद. अंगावर एक पंचा राहू द्या, उघडं पडल्यासारखं वाटत नाही. पहिला तांब्या पायांवर, मग गुडघ्यांवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी, जमलं तर. तांब्या त्यांच्याच हातात दिला तर पुष्कळदा हात आपसूक चालतो. हे ऐकून एक सूनबाई म्हणाल्या, “पण आई पूजा पारोशाने कशी करतील?” म्हटलं, देवाला मी समजावते.

अशा साध्या गोष्टी घरी जाऊन कोणीतरी सांगितल्या तर काय होतं, याचा अभ्यास आपल्या शेजारी गोव्यात झालाय. अमित डायस आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांतली ८१ कुटुंबं. त्यांतल्या ४१ घरी सहा महिने स्थानिक सल्लागार जात होते. हे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली तिथलीच माणसं, मागे एक मानसोपचारतज्ज्ञ. आजार काय आहे ते सांगायचं, पेशंटचं वागणं कसं हाताळायचं ते दाखवायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं, घरांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची, सरकारी योजनांची माहिती द्यायची. सहा महिन्यांनी त्या घरांतल्या करणाऱ्या माणसांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं, पेशंटच्या वागण्याचा त्रास कमी झाला. भाराच्या प्रश्नावलीवर मात्र ठाम म्हणता येईल एवढा फरक नव्हता, तेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलंय. मला त्यातला दुसराच एक आकडा बोचतो. त्या सहा महिन्यांत १८ पेशंट गेले. याचा अर्थ मला असा दिसतो की मदत पोचली तेव्हा पुष्कळ घरी आजाराची शेवटची वळणं चालू होती. आधीची सगळी वर्षं त्या घरांनी ‘म्हातारपणी असं व्हायचंच’ म्हणून काढली असणार. लंडनच्या बाजूलाही २०१३ साली असाच अनुभव आला. मानसशास्त्राच्या पदवीधरांनी घेतलेल्या आठ बैठकांनी घरच्यांचं नैराश्य कमी झालं. तज्ज्ञांची फौज कुठेच लागली नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण या चिंतेनेही झोप उडते. बरेच लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी निकामी. मग पालक नेमून घ्यायला न्यायालयाची पायरी. म्हणून निदान लवकर झालं असेल, माणसाला अजून कळत असेल, तोवर खाती जोडनावाने करा, वारस नोंदवा, मृत्युपत्र करा, आणि पुढे कसले उपचार हवेत-नकोत तेही त्यांनाच विचारा. ते विचारायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. रजेचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी नोकरीच्या काळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. आई-वडिलांसाठी तशी स्वतंत्र रजा नाही. अर्जित रजा काढा. ती संपली की वहिनींसारखी स्वेच्छानिवृत्ती. निवृत्तीला ‘स्वेच्छा’ म्हणायची आपली पद्धत आहे.

ज्यांना परवडतं ते मावशी ठेवतात. या मावश्यांचाही एक केसपेपर काढायला हवा. ब्युरोकडून आलेली बाई, बारा तासांची पाळी, बरेचदा दोन पाळ्या सलग. तिला पेशंट चिमटे काढतो, तिच्यावर चोरीचा आळ घेतो, आणि घरचे आधी तिची पिशवी तपासतात. ऐंशी किलोचं शरीर कुशीवर वळवायला तिला कोणी शिकवलेलं नसतं, ती अंगाच्या जोरावर करते आणि पन्नाशीत कंबर धरून बसते. तिला सुट्टी हवी असते कारण गावी तिची स्वतःची आई आजारी असते. ‘मावशीने खाडा केला’ एवढंच आपण कालनिर्णयावर लिहितो. ज्या घरी मावशीला सोबत बसवून जेवू घालतात, आठवड्याची सुट्टी ठरवून देतात आणि पेशंट हल्ली कसा आहे हे तिला विचारतात, त्या घरी मावश्या टिकतात. मावशी टिकली की वहिनी टिकतात.

आणि संस्था? बऱ्याच वृद्धाश्रमांची पहिली अटच असते की स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी चालणाऱ्या चांगल्या जागा मोजक्या आणि महाग. पण जागा मिळत असेल, परवडत असेल आणि घरातलं माणूस कोसळायला आलं असेल, तर आईला तिथे ठेवणाऱ्या मुलीला मी मान खाली घालून यायला लावत नाही. तिचाही केसपेपर चालू राहतो. ठेवून आल्यावर पहिले काही महिने ती जास्तच आजारी पडते.

केरळ सरकारने २०१४ साली एआरडीएसआय या संस्थेच्या मदतीने स्मृतिभ्रंशासाठी राज्य पातळीवर काम सुरू केलं, दिवसाची केंद्रं उघडली. आपल्याकडे तसं व्हायला हवं, त्यासाठी निवेदनं द्यायला हवीत, आणि ती आपण देऊच. पण आपल्या शहरात पालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत. सकाळी योगासनं, संध्याकाळी भजन आणि कॅरम. दुपारी एक ते चार कुलूप. ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांशी मी आधीच बोलले आहे, ते इथे पहिल्या रांगेत बसलेत आणि आता मान डोलवताहेत, तुम्ही साक्षीदार. आठवड्यातल्या दोन दुपारी, मंगळवार आणि शुक्रवार, तिथे सहा-आठ पेशंट बसतील. जुनी गाणी लावायची, शेंगा सोलायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, आवारात फिरायचं. दोन अनुभवी मावश्या पगारावर, त्यांचा पहिल्या वर्षाचा खर्च या व्याख्यानमालेने उचललाय. माझा दवाखाना समोरच आहे. घरचं माणूस पेशंटला सोडून जाईल आणि चारला न्यायला येईल. त्या तीन तासांत त्याने काय केलं हे कोणी विचारायचं नाही. झोपला तरी चालेल.

प्रत्येक दुपारी चार स्वयंसेवक लागतील. प्रश्नोत्तरांच्या आधी तेवढं आटोपू या. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, फोन आणि मंगळवार की शुक्रवार. पुरुषांनीही लिहावं. पेशंटमध्ये काकाही आहेत, आणि त्यांना न्हाणीघरात न्यायला पुरुष माणूस लागतो. ‘जमेल तसं’ असं कृपा करून लिहू नका, वार लिहा. आणि जाताना पेन वहीजवळच राहू द्या.